हॉटेलातला अनुभव दुसऱ्या क्षेत्रात कसा आणि किती उपयोगी पडतो

बारावीनंतर किंवा पदवीच्या काळात दोन-तीन वर्षे हॉटेलात काम केलेला तरुण जेव्हा बँक, विमा कंपनी, रुग्णालय किंवा सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीसाठी अर्ज करतो, तेव्हा तो बहुधा हा काळ अर्जातून गाळून टाकतो, किंवा ‘किरकोळ काम’ असे लिहून पुढे सरकतो. घरचेही त्याला तोच सल्ला देतात. याच्या अगदी उलट टोकाला जाऊन, कोणतेही काम माणसाला घडवतेच, त्यामुळे हॉटेलातला अनुभव सगळीकडे उपयोगी पडतो, असे ठासून सांगणारे लोकही भेटतात. पहिली भूमिका अन्यायाची आहे आणि दुसरी इतकी सैल आहे की तिच्यातून नोकरी देणाऱ्याला काहीच कळत नाही. एका कामात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या कामात नेमके कशामुळे जाते आणि कशामुळे जात नाही, हे समजून घेतले तरच या अनुभवाची खरी किंमत करता येते.

या प्रश्नावरचे संशोधन शंभर वर्षांहून जुने आहे. लॅटिन किंवा भूमिती शिकल्याने एकूण बुद्धीलाच धार येते आणि मग ती कोणत्याही विषयात चालते, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पाश्चात्त्य शिक्षणात रुजलेला होता. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये तो प्रयोगाने तपासला. त्यांनी लोकांकडून आकृत्यांच्या क्षेत्रफळाचा अंदाज बांधण्याचा सराव करून घेतला आणि नंतर त्याच लोकांना वेगळ्या आकृत्यांचे क्षेत्रफळ, रेषांची लांबी आणि वस्तूंचे वजन यांचे अंदाज करायला सांगितले. सरावाचा फायदा दिसला, परंतु अपेक्षेपेक्षा फारच मर्यादित दिसला. त्यांचा निष्कर्ष असा की दोन कामांमध्ये जितके घटक समान, तितकेच कौशल्य एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पुढच्या काळात या निष्कर्षात भर पडली आणि त्यावर वादही झाले, तरी आपल्या प्रश्नासाठी तो अजूनही पक्का पाया आहे.

योगायोगाने या विषयातला एक गाजलेला अभ्यास वेटरवरच झालेला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील अँडर्स एरिक्सन आणि पीटर पोल्सन यांनी एका वेटरचा अभ्यास करून तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. हा वेटर वीस जणांपर्यंतच्या जेवणाच्या ऑर्डरी कागदावर न लिहिता लक्षात ठेवत असे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा मुख्य पदार्थ, मांस किती शिजवायचे, सॅलडवर काय घालायचे आणि सोबत बटाटा हवा की भात, इतके तपशील त्यात असत. त्याची पद्धत तपासल्यावर असे दिसले की तो चार-चार माणसांचे गट करून ऐकत असे, सॅलडच्या प्रकारांची आद्याक्षरे जोडून शब्द तयार करत असे आणि मांस शिजवण्याच्या पातळ्या चढत्या-उतरत्या रेषेसारख्या डोळ्यांसमोर मांडत असे. संशोधकांनी नंतर पदार्थांच्या जागी ज्यांचा जेवणाशी काहीही संबंध नाही अशी माहिती त्याला दिली. माहितीची रचना जेवणाच्या ऑर्डरीसारखी होती तिथे त्याचे कौशल्य बऱ्याच अंशी टिकले आणि रचना जुळेनाशी झाली तिथे ते घसरले. म्हणजे त्याची स्मरणशक्ती सरसकट वाढलेली नव्हती. माहिती मांडून ठेवण्याची एक रीत त्याच्या हाती आली होती आणि त्या रीतीला बसणारे काम समोर आले की ती कामाला येत होती.

म्हणून हॉटेलात काम केलेल्या माणसाला काय येते हे विचारण्याऐवजी हॉटेलाच्या कामातले कोणते घटक दुसऱ्या क्षेत्रांत जसेच्या तसे सापडतात, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. ते पाहण्यासाठी माझ्या मते मुंबईतल्या गर्दीच्या उडुपी हॉटेलाइतके चांगले उदाहरण नाही. माटुंग्याचे रामा नायक यांचे भोजनगृह १९४२ पासून चालू आहे आणि त्या परिसरात व फोर्टमध्ये अशी हॉटेले पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांतल्या माणसांना दुपारी झटपट जेवू घालत आली आहेत.

दुपारची गर्दी आणि तिचे गणित

समजा, एका हॉटेलात ४८ माणसांची बसण्याची सोय आहे आणि एक गिऱ्हाईक बसल्यापासून उठेपर्यंत सरासरी ३० मिनिटे घेते. म्हणजे एका खुर्चीवर तासाला दोन माणसे जेवतात आणि हॉटेलात तासाला ९६. दुपारी साडेबारा ते अडीच या दोन तासांत १९२ माणसे जेवून जातील. आता हाच वेळ कोणत्याही कारणाने ४० मिनिटांवर गेला, तर तासाला ७२ आणि दोन तासांत १४४ माणसे होतील. भाडे तेच, कामगार तेवढेच, बाहेर रांगही तशीच, आणि ४८ गिऱ्हाइके मात्र हातची गेली. आत असलेली माणसे, दर तासाला येणारी माणसे आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांच्यातील हा संबंध व्यवस्थापनशास्त्रात ‘लिटलचा नियम’ म्हणून शिकवला जातो. जॉन लिटल यांनी त्याची गणिती सिद्धता १९६१ मध्ये दिली. हॉटेलातल्या कॅप्टनने, म्हणजे वेटरांवर देखरेख ठेवणाऱ्याने, हे नाव ऐकलेले नसते, परंतु त्याच्या दुपारच्या प्रत्येक हालचालीत हा नियम असतो. एकटे आलेले गिऱ्हाईक तो चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसांसोबत बसवतो, कॉफीची ऑर्डर घेतानाच बिल तयार करायला सांगतो, उठणाऱ्या माणसाच्या हालचालीवरून टेबल पुसणाऱ्याला आधीच खुणावतो. या प्रत्येक कृतीतून दोन-दोन मिनिटे वाचतात.

याच्या आत आणखी एक गणित असते. डोशाच्या तव्यावर एका वेळी सहा डोसे होतात आणि एका घाण्याला चार मिनिटे लागतात असे मानले, तर तव्याची कमाल क्षमता तासाला ९० डोशांची झाली. बसणाऱ्या ९६ माणसांपैकी प्रत्येकाने मसाला डोसा मागितला, तर कितीही वेटर वाढवले, कितीही आरडाओरडा केला तरी मागणी पुरी होणार नाही, कारण अडथळा तव्याजवळ आहे. अनुभवी वेटर अशा वेळी ‘राइस प्लेट तयार आहे, लगेच मिळेल’ असे सहज सांगून जातो. गिऱ्हाइकाला ते आगत्य वाटते. आत मात्र तेवढाच तव्यावरचा ताण हलका झालेला असतो.

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीवर दोन माणसे वाढवून रांग कमी होत नाही, कारण अडथळा एक्स-रेच्या खोलीपाशी असतो. बँकेच्या शाखेत, गोदामात, कॉल सेंटरमध्ये, सॉफ्टवेअर तपासणाऱ्या गटात हीच परिस्थिती वेगळ्या वेशात दिसते. काम साचले की सगळ्यांना जोर लावायला सांगणे हा बहुतेक व्यवस्थापकांचा पहिला उपाय असतो आणि काम नेमके कुठे अडले आहे हे शोधणे त्यांना पुष्कळ उशिरा सुचते. गर्दीच्या हॉटेलात दोन वर्षे काढलेल्या माणसाची नजर आधी अडलेल्या जागेकडे जाते. हॉटेलच्या अनुभवाची सर्वांत मोठी कमाई मी याच नजरेला मानतो. ‘ग्राहकसेवा’ हा शब्द अर्जात सगळेच लिहितात, परंतु मर्यादित साधनांत कामाचा ओघ चालू ठेवण्याची ही समज फार थोडे जण नोंदवतात.

दुसरी कमाई आदल्या रात्रीच्या पिठाची आहे. इडली-डोशाचे पीठ आंबायला रात्र लागते, म्हणून उद्या किती गिऱ्हाइके येतील याचा निर्णय आजच घ्यावा लागतो. पीठ कमी पडले तर दुपारीच ‘डोसा संपला’ म्हणावे लागते. जास्त झाले तर ते आंबट होऊन वाया जाते. सोमवार आहे की शनिवार, चतुर्थी-एकादशी असल्याने साबुदाण्याच्या खिचडीला मागणी वाढेल का, पाऊस कोसळून लोकल बंद पडल्या तर कचेऱ्या ओस पडतील का, हे सगळे धरून मुख्य आचारी एक आकडा ठरवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला आपला अंदाज किती चुकला ते समजते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न ‘वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ या नावाने येतो, कारण सकाळी किती अंक उचलायचे हा विक्रेत्याचा पेचही असाच असतो. कपड्यांच्या दुकानात याचा निकाल हंगाम संपल्यावर लागतो आणि कारखान्यात कदाचित तिमाही संपल्यावर. हॉटेलात तो रोज लागतो, आणि अंदाज बांधण्याचे कौशल्य लवकर सुधारते ते यामुळेच. औषधांच्या वितरणात, दूधधंद्यात, रक्तपेढीत, दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामात, म्हणजे जिथे जिथे माल नाशवंत किंवा मुदतीचा आहे तिथे, हा घटक जसाच्या तसा सापडतो. शीतपेटीत आधी आलेला माल पुढे आणि नंतर आलेला मागे, ही हेल्परला पहिल्या आठवड्यात शिकवली जाणारी शिस्त औषधांच्या गोदामात ‘ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर’ अशा लेखी नियमाच्या रूपात भेटते.

स्वयंपाकघरातली कामाची विभागणी मात्र उलट दिशेने आलेली आहे. ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी स्वयंपाकघरात काम केले होते आणि १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्याने आचाऱ्यांची फौजेसारखी श्रेणीबद्ध रचना उभी केली. कोणी फक्त सॉस करायचे, कोणी फक्त भाजायचे, आणि सर्वांनी एका मुख्य आचाऱ्याला उत्तर द्यायचे. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात आजही मुळात हीच रचना आहे. हॉटेलातली रीत दुसरीकडे कशी रुजेल, असे कोणी विचारले तर फौजेतली रीत हॉटेलात रुजली, हे उत्तर त्याला देता येईल.

ऑर्डर परत म्हणून दाखवण्याच्या सवयीबद्दल थोडक्यात सांगतो. वेटर ‘दोन साधा, एक म्हैसूर, कांदा नको’ असे ओरडतो आणि आतला माणूस तेच शब्द परत उच्चारतो. ऐकले गेले की नाही, आणि बरोबर ऐकले गेले की नाही, याची खात्री दोन सेकंदांत होते. विमानवाहतुकीत वैमानिकाने नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवणे सक्तीचे असते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली, त्यात संदेशातील गोंधळ हे एक मुख्य कारण होते आणि त्यानंतर संवादाचे ठरावीक शब्द व परत म्हणून दाखवण्याची शिस्त अधिक कडक झाली. रुग्णालयातही डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले औषध परिचारिकेने परत वाचून दाखवावे अशी पद्धत आहे. हॉटेलातून आलेल्या माणसाला यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

स्वच्छता आणि नोंदी यांबाबतचा अनुभव मात्र हॉटेल कसे आहे यावर पूर्णपणे अवलंबून असतो. अन्नातील धोके आधीच ओळखून ठरावीक टप्प्यांवर तपासणी करण्याची, ‘हॅसॅप’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९६० च्या दशकात पिल्सबरी कंपनी आणि नासा यांनी अंतराळवीरांच्या अन्नासाठी विकसित केली आणि नंतर ती जगभरच्या अन्नउद्योगात पसरली. भारतात अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा त्याखालच्या व्यवहारातला साधा दंडक. जिथे शीतपेटीचे तापमान दिवसातून ठरावीक वेळा वहीत नोंदवले जाते, तिथे काम केलेला मुलगा औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लवकर रुळतो, कारण ‘नोंद नाही म्हणजे काम झाले नाही’ हा तिथला कणा त्याला आधीच ठाऊक असतो. जिथे ही वही महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने भरली जाते, तिथल्या अनुभवाबद्दल न बोललेले बरे.

गल्ल्यावर बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे आणि तिचे मोल बहुतेकदा त्याला स्वतःलाही माहीत नसते. रात्री हॉटेल बंद झाल्यावर रोख रक्कम, यूपीआयने आलेले पैसे, कार्डाची यंत्रावरची बेरीज आणि झोमॅटो-स्विगीकडून कमिशन वजा होऊन काही दिवसांनी येणारी रक्कम, हे सगळे दिवसभराच्या बिलांशी जुळवायचे असते. बहुतेक साध्या उपाहारगृहांच्या बिलावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि त्या दराने कर भरणाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, हेही त्याला हिशेब करता करता कळलेले असते. लेखापालाच्या कचेरीत किंवा बँकेच्या मागच्या टेबलांवर चालणारे जुळणीचे काम मुळात हेच आहे. वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्याने दोन वर्षे गल्ला सांभाळला असेल, तर मुलाखतीत त्याने परीक्षेतल्या गुणांआधी याविषयी बोलावे.

हसण्याचा पगार

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की काही नोकऱ्यांमध्ये माणसाला विशिष्ट भावना दाखवण्याचाही पगार मिळतो. पहिल्यांनी प्रेमळ दिसायचे, दुसऱ्यांनी कठोर. हे दोन प्रकारे केले जाते. एकात माणूस वरवर हसतो आणि आतून वेगळेच काही वाटत असते, तर दुसऱ्यात तो समोरच्याची बाजू मनात आणून स्वतःची भावनाच बदलण्याचा प्रयत्न करतो. सतत वरवरचे हसू आणणारा माणूस थकून जातो, असे या विषयावरील नंतरच्या संशोधनात वारंवार दिसून आले आहे.

आपल्याकडे या श्रमावर आणखी एक ओझे असते. वयाने वडील असलेल्या वेटरलाही ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारणारी गिऱ्हाइके आहेत, आणि पाण्याचा ग्लास कोणाच्या हातून येतो हे पाहणारी माणसे पूर्णपणे संपलेली नाहीत. अशा वातावरणात आवाज न चढवता बिलाचा वाद मिटवणे, चूक स्वयंपाकघराची असताना गिऱ्हाइकासमोर सहकाऱ्याला न उघडे पाडणे, आणि पुढच्या टेबलाकडे जाताना मागच्या टेबलावरचा राग मागेच ठेवणे ही अवघड कामगिरी आहे. रुग्णालयाचा चौकशी कक्ष, विमा दाव्यांची खिडकी, महापालिकेचे नागरी सुविधा केंद्र, विक्री, मनुष्यबळ विभाग, या ठिकाणी तिची रोज गरज पडते.

परंतु हीच सवय कचेरीत आड येऊ शकते, आणि या अनुभवाचे कौतुक करणारे लोक ही बाजू सहसा सांगत नाहीत. ‘गिऱ्हाइकाचे खरे’ म्हणून वाद टाळायला शिकलेला माणूस बैठकीत वरिष्ठांची चूक दिसत असूनही गप्प बसतो, आणि लेखापरीक्षण, अभियांत्रिकी किंवा सॉफ्टवेअरमध्ये अशा गप्प बसण्याची किंमत मोठी असते. आत्ता कसेतरी भागवून नेऊ, ही गर्दीच्या वेळची वृत्ती हॉटेलात दिवस वाचवते, परंतु ज्या कामात मूळ कारण शोधून ते कायमचे दूर करायचे असते तिथे तीच वृत्ती तेच दुखणे पुन्हा पुन्हा उभे करते. सगळे डोक्यात ठेवण्याचा अभिमान, न लिहिण्याची सवय आणि ओरडून सांगितल्यावरच हालचाल करणे, या गोष्टीही नव्या ठिकाणी सोडाव्या लागतात. थॉर्नडाइकच्या भाषेत सांगायचे तर घटक जुळत नसतात तेव्हा जुना सराव कधी कधी अडथळाही ठरतो. शिवाय पाच वर्षे तेच टेबल पुसत राहिलेल्या आणि जबाबदारी न वाढलेल्या माणसाला पाच वर्षांचा अनुभव मिळालेला असतोच असे नाही. यात दोष बहुधा त्याचा नसतो. त्याला वर न सरकू देणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

प्रसिद्ध माणसांची नावे या विषयात नेहमी घेतली जातात. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे संस्थापक जेन्सन हुआंग यांनी १९७८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ओरेगनमधील डेनीज या उपाहारगृहात भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आणि १९९३ मध्ये कंपनी काढण्याची चर्चाही सॅन होझे येथील डेनीजमध्येच झाली. आपल्या लाजाळू स्वभावातून त्या नोकरीने आपल्याला बाहेर काढले, असे ते सांगतात. अभिनेते बोमन इराणी यांनी अभिनयाकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वेटर म्हणून काम केले. जालना जिल्ह्यातील अन्सार शेख यांनी शाळकरी वयात संगणकाच्या वर्गाचे शुल्क भरण्यासाठी हॉटेलात काम केले आणि २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत एकविसाव्या वर्षी यश मिळवले. ही उदाहरणे खरी असली तरी त्यांचा पुरावा म्हणून उपयोग मर्यादित आहे, कारण तितकीच भांडी घासूनही जिथल्या तिथे राहिलेल्या लाखो माणसांची नावे कोणी घेत नाही. मुंबईत याहून अधिक विश्वासार्ह दाखला रात्रशाळांचा आहे. दक्षिण कन्नडमधून आलेली मुले दिवसा हॉटेलात काम करून रात्री शाळेत शिकत आणि त्यातली कित्येक पुढे बँका, वकिली आणि सरकारी कचेऱ्यांत गेली. तिथे हॉटेलाने शिस्त, शहराची ओळख आणि दोन वेळचे जेवण दिले, आणि पुढचे दार उघडले ते शाळेने. मात्र हे सांगताना एक गोष्ट स्पष्ट असावी. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवण्यास बंदी आहे, आणि अनुभवाच्या मोलाची कोणतीही चर्चा त्या मुलांना लागू होत नाही.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न अधिक तातडीचा असतो. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्राच्या काळात साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, आणि जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही, त्यामुळे कित्येक जण विद्यापीठाच्या भोजनगृहातच काम करतात. या कामातून तिथल्या बोलीचा सराव होतो, कराचा क्रमांक व पगाराच्या पावत्या तयार होतात आणि शिफारस करू शकेल असा एक स्थानिक माणूस मिळतो. या तिन्ही गोष्टी पहिली नोकरी शोधताना खरोखर उपयोगी पडतात. तरीही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षीही केवळ जास्त तास मिळतात म्हणून उपाहारगृहातच राहणे आणि स्वतःच्या विषयातली उमेदवारी (इंटर्नशिप) सोडून देणे मला तोट्याचे वाटते. पहिल्या काही महिन्यांत या कामातले जे शिकण्यासारखे असते ते बरेचसे शिकून होते.

अर्जात काय लिहावे

‘वेटर म्हणून दोन वर्षे काम केले’ या वाक्यातून वाचणाऱ्याला हुद्दा कळतो, काम कळत नाही. त्याऐवजी आसनसंख्या किती होती, गर्दीच्या वेळी आपल्याकडे किती टेबले होती, नव्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी होती का, रोजची किती रक्कम आपल्या हातून जात होती, अशा पडताळता येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. उदाहरणार्थ: ‘४८ आसनांच्या उपाहारगृहात दुपारच्या सत्रात १२ टेबलांची जबाबदारी; पार्सल आणि बसून जेवणारे यांच्या ऑर्डरी एकाच तव्यावर अडत असल्याने पार्सलसाठी वेगळी वेळ ठरवण्याची सूचना केली व ती अमलात आली.’ मुलाखतीत हाच प्रसंग सांगताना परिस्थिती काय होती, आपल्यावर काय सोपवले होते, आपण काय केले आणि त्याने काय बदलले, या क्रमाने बोलावे. अर्ज रुग्णालयासाठी असेल तर रांग आणि अडथळ्याचा प्रसंग निवडावा, बँकेसाठी गल्ल्याच्या जुळणीचा, औषध कंपनीसाठी नोंदवहीचा. एकच अनुभव तिन्ही ठिकाणी एकाच शब्दांत सांगणारा उमेदवार समान घटक शोधण्याचे काम मुलाखत घेणाऱ्यावर सोपवतो, आणि त्याला तेवढा वेळ नसतो. हुद्दा फुगवून लिहू नये. वेटरने स्वतःला ‘अतिथी-अनुभव व्यवस्थापक’ म्हटले की पुढच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

कागदपत्रांची बाजू सर्वांत कच्ची असते. मोठ्या कंपन्या आणि बँका नेमणुकीपूर्वी मागच्या नोकरीची पडताळणी करतात आणि अनेक छोट्या हॉटेलांत नियुक्तिपत्र, पगारपत्रक किंवा भविष्य निर्वाह निधी यांपैकी काहीच नसते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत आला आहे, त्यामुळे मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्याने आपला खातेक्रमांक मागून घ्यावा. पगार रोखीने मिळत असेल तर निदान काही भाग बँकेत जमा व्हावा असा आग्रह धरावा. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत २०१५ पासून पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद आहे. तिच्यात अनौपचारिक रीतीने शिकलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही, मूल्यमापन झाल्यावर, श्रेयांक मिळण्याची सोय ठेवली आहे. ही प्रमाणपत्रे हॉटेल व्यवसायातील कौशल्यापुरती असतात. रांगेचे गणित किंवा अंदाज बांधण्याची समज त्यांत कुठे दिसत नाही, म्हणून त्यांच्यासोबत प्रत्यक्ष कामाचे वर्णन असलेले पत्र असणे चांगले. हे पत्र नोकरी सोडण्यापूर्वी, आपले काम पाहिलेला कॅप्टन किंवा व्यवस्थापक तिथे असतानाच मागून घ्यावे, कारण या धंद्यात माणसे लवकर बदलतात आणि वर्षभराने फोन केला तर पलीकडे आपल्याला ओळखणारे कोणी उरलेले नसते.